काथ्याने काय उकरलं

२० नोव्हेंबर

चि. लेकीस,

ओळख पटावी म्हणून आधी सांगून टाकते. मी तुझी आई. खुर्च्या-सोफ्यांच्या बैठका भरते, डाव्या गालावर तीळ आहे, तोंड फटकळ आहे. आणि तुला एक मुलगी आहे. तिला आपण मुंगी म्हणतो. ती दहा वर्षांची झाली, आठ तारखेला. तुझी भेट पोचली काल, एकोणीसला. तुम्ही नर्सा म्हणे छातीवर घड्याळ लावून फिरता. तुझ्या घड्याळात तारखेचा चौकोन नसेल.

पत्र मी सांगते आणि वरच्या मजल्यावरचे कारकून लिहितात. सदतीस वर्षं साहेबांचं म्हणणं लिहिलं, आता निवृत्त झाल्यावर माझं लिहितात. शिव्या लिहिणार नाही म्हणाले. म्हणून जिथे शिवी असेल तिथे रिकामी जागा सोडायला सांगितली आहे. माझ्या शिव्या तुला पाठ आहेत, तू भर. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं आणि तू फोन ठेवतेस. पत्र खाली ठेवलंस तरी ते बोलायचं थांबत नाही.

तर भेट. लाकडी पेटी, पेटीला भोकं, एका भोकात काळं नाक. मी दंतवैद्याच्या बाकाची बैठक ठोकत होते, तोंडात खिळे. पेटीवाल्याने कागद पुढे केला, मी अंगठा लावला. मला वाटलं स्प्रिंगा आल्या. उघडली तर स्प्रिंगच निघाली, फक्त तिला चार पाय होते. माझ्या मांडीवरून कापडाच्या ताग्यावर, ताग्यावरून टेबलावर, टेबलावरून सरसाच्या डब्यात एक पाय घालून पुन्हा माझ्या मांडीवर. आकार म्हणशील तर बसायच्या उशीएवढा. आवाज म्हणशील तर लाकूड कापायच्या यंत्राएवढा.

पेटीवर चिठ्ठी होती ती कारकुनांनी वाचली. टेरियर. लहान आकार, आनंदी स्वभाव, कुटुंबात रमतो. आनंदी आहे, त्यात वाद नाही. माझी पाठ वळली तेवढ्यात त्याने दंतवैद्याचं बाक फाडलं आणि फोमचे तुकडे खोलीभर उडवले. मग त्या ढिगाच्या मधोमध बसून माझ्याकडे मान तिरकी करून बघत राहिला, जणू मजुरी मागतोय. ______ (भर.)

मुंगी शाळेतून आली. पेटी पाहिली, कुत्रा पाहिला, चिठ्ठी वाचली. म्हणाली, "आईने पाठवलाय? मला नको." आणि दप्तर घेऊन वर गेली. जिने चढताना पायसुद्धा आपटले नाहीत. आपटले असते तर मला बरं वाटलं असतं.

माणसाच्या बदली कुत्रं पाठवायचं हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

आता तुझ्या पत्राचं. कारकुनांनी दोनदा वाचून दाखवलं. एप्रिलमध्ये तू येणार. तुला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. मुंगी हो म्हणाली तर तू तिला घेऊन जाणार. ती हो म्हणणार नाही. दीड वर्षात तुझा विषय तिने एकदाही काढलेला नाही. तिची शाळा इथे आहे, मैत्रिणी इथे आहेत, आणि मी इथे आहे. तिला न्यायचं स्वप्न बघू नकोस, हे मी तुला आत्ताच सांगते, मग एप्रिलमध्ये तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून माझ्या नावाने ओरडशील.

तू विचारतेस, मुंगीला माझी पत्रं मिळतात ना, एकाचंही उत्तर का नाही. इथलं टपाल चोख आहे.

कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं. "एवढंच लिहू?"

म्हटलं, एवढंच.

तुझी आई


७ डिसेंबर

लेकी,

तुझा कुत्रा जिवंत आहे. मीही आहे. दोघांपैकी एकाचं आश्चर्य वाटायला हवं.

त्याचं नाव काथ्या पडलं. बैठकीत भरायचा काथ्या असतो तसेच त्याचे केस आहेत, रंगानेही आणि हाताला लागण्यानेही. मुंगीने ठेवलं. म्हणजे तिने नाव ठेवलं असं नाही, ती म्हणाली, "या काथ्याला माझ्या खोलीतून बाहेर काढा." ते चिकटलं.

पहिले तीन दिवस तो काही खाण्याऐवजी सगळं चावत होता. मी त्याला जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. ती बाई तिशीची, हात सुतारासारखे. म्हटलं, हा वेडा आहे का बघा. तिने त्याला टेबलावर ठेवलं, कान पाहिले, दात पाहिले आणि हसत सुटली. म्हणाली, "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ही मांडीवर बसायची जात नाही. यांना बिळात शिरून उंदीर-घुशी बाहेर काढायला पैदा केलंय. हा खणणार, भुंकणार, एकदा धरलं की सोडणार नाही. आणि आपण लहान आहोत हे याला आयुष्यात कधी कळणार नाही. याला काम द्या. नाही दिलंत तर तो स्वतः शोधेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या लेकीचं वर्णन करताय.

मग तिने एक गंमत दाखवली. याचे केस कात्रीने कापायचे नसतात. कापले की मऊ पडतात आणि पाणी धरतात. जुना केस चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने, उपटायचा. दुखत नाही त्याला. जुना झालेला केस सुटायलाच आलेला असतो. ती दोन-चार उपटून थांबली, पुढचे मी उपटले. पंचेचाळीस वर्षं जुन्या बैठकांतून काथ्या उपसते आहे, मला कोण शिकवणार? डॉक्टरीण म्हणाली, "आजी, नोकरी करणार का माझ्याकडे?" कुत्रा डोळे मिटून उभा होता. दीड वर्षात मला कुणी एवढं उभं राहून सहन केलं नव्हतं.

आता दर रविवारी मी त्याला कामाच्या टेबलावर उभा करते आणि उपटते. मुंगी पहिल्या रविवारी जिन्यात बसून बघत होती. दुसऱ्या रविवारी तीन पायऱ्या खाली. आज म्हणाली, "आजी, तू त्याच्या मानेजवळ फार जोरात ओढतेस, सरक." सरकले.

खूश झालीस? होऊ नकोस. कुत्रं पाठवून मुलगी परत मिळवता येत नाही. ती काथ्याशी बोलते, तुझ्याबद्दल नाही. काल त्याला कुशीत घेऊन म्हणत होती, "तुझी आईपण तुला विसरली असेल." मी स्वयंपाकघरात होते. तिथूनच ऐकलं.

कारकून इथे थांबले आहेत. विचारतात, हे वाक्य ठेवायचं का? ठेवा. मी सांगितलं ते लिहायचं, निवड करायची नाही.

कारकुनांचंही एक गाऱ्हाणं आहे, ते त्यांच्याच हाताने लिहिलं जातंय म्हणून मजा वाटते. सकाळी साडेपाचला दूधवाल्याच्या सायकलवर काथ्या भुंकतो आणि यांची झोप मोडते. घरमालकाकडे तक्रार करणार म्हणाले. म्हटलं करा, पण तक्रारीचं पत्र स्वतः लिहा, माझ्याकडे मदत मागायला येऊ नका.

तू रविवारी फोन केलास तेव्हा मुंगी बाहेर गेली होती. दरवेळी काय विचारतेस, ती कुठे असते म्हणून. मुलं बाहेर जातात.

तुझी आई


४ जानेवारी

लेकी,

आज दोनच ओळींचं पत्र घालणार होते, पण तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलंय, त्यामुळे दोन पानं होतील.

"आई, तू तिच्या मनात माझ्याविरुद्ध काहीबाही भरवतेस." हे तू लिहिलंस. तुझ्या हाताने लिहिलंस आणि कारकुनांच्या तोंडून मला ऐकावं लागलं. परका माणूस बिचारा, वाचताना मान खाली घालून बसला होता.

मी भरवते ते जेवण. दोन वेळचं. गणिताला बसवते, जे मला येत नाही, तरी समोर बसते म्हणजे ती उठत नाही. ताप आला की रात्रभर कपाळावर हात. तुझ्या नवऱ्याने संसार टाकला तेव्हा तुम्हा दोघींना मी घरात घेतलं, एका शब्दाने विचारलं नाही. आणि तू काय केलंस? वर्षभरात मोठ्या पगाराच्या मागे निघालीस. मुलीला ठेवून जा असं मी म्हटलं नव्हतं. जाऊ नकोस असं म्हटलं होतं. दोन्हीत फरक आहे, तो तुला त्या दिवशीही कळला नाही.

तू निघालीस तेव्हा मी खुर्ची ठोकत होते आणि मान वर केली नाही. तोंडात खिळे होते म्हणून बोलले नाही असं मी सगळ्यांना सांगते. खिळे थुंकता येतात. ते मलाही माहीत आहे. ______ (ही शिवी कुणाला ते तू ठरव.)

मुंगीने तुला एक ओळ लिहावी म्हणतेस. तिची मर्जी. तिच्या हातात मी पेन कोंबणार नाही.

काथ्याचं सांगते, म्हणजे पत्र निदान कुणाबद्दल तरी गोड होईल. त्याला काम मिळालं. कारखान्यात मागे फळ्या रचलेल्या आहेत तिथे उंदीर होते. औषध, पिंजरे, मांजर, सगळं करून झालं होतं. काथ्या मंगळवारी फळ्यांच्या मागे गेला. आधी शेपूट ताठ, मग आवाज नाही, मग एकदम झडप. मानेला धरून एक हिसका, संपलं. तीन दिवसांत नऊ. प्रत्येक उंदीर आणून मुंगीच्या चपलेत ठेवतो. मुंगी किंचाळते आणि मग त्याला शाबासकी देते. शाळेत सांगून आली म्हणे, आमच्याकडे शिकारी आहे. मैत्रिणी त्याला बघायला आल्या आणि हिरमुसल्या, त्यांना वाटलं होतं वाघाएवढा असेल. मुंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आकारावर जाऊ नका. तो सोडत नाही, हे महत्त्वाचं."

ते वाक्य ती बोलली तेव्हा अगदी तुझ्यासारखी दिसली. मला राग आला.

तुझी आई


२६ जानेवारी

लेकी,

कुत्रा परत घेऊन जा. माणूस पाठव, पेटी पाठव, काय करायचं ते कर. नाहीतर मी देऊन टाकते. पिठाच्या गिरणीवाला मागतो आहे, त्याच्याकडे उंदीर खंडीने आहेत. येत्या शनिवारी तो न्यायला येईल.

कारण विचारशील. कारखान्याच्या कोपऱ्यात ती हिरवी आरामखुर्ची आहे, कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलाच नाही ती. मी दुपारी तिच्यात बसते. काथ्या चार दिवस त्या खुर्चीसमोर ठाण मांडून आहे. खात नाही. बैठकीला नाक लावतो, भुंकतो, पंजाने ओरबाडतो, पुन्हा नाक. ओढून नेला तर दोर चावून परत. पुढचं कापड त्याने फाडलं होतं, मी लगेच नवं ठोकलं. काल पुन्हा तेच. आज त्याला मागच्या अंगणात बांधलाय आणि तो तिथून ओरडतोय. हे पत्र त्या ओरडण्यात लिहिलं जातंय. कारकुनांना विचार.

डॉक्टरणीला बोलावलं होतं. म्हणाली, "आजी, ही जात उगाच भुंकत नाही. खुर्चीत काहीतरी आहे. उघडा ना. तुमच्या हातचं काम, पाच मिनिटं लागतील."

मी म्हटलं, उघडणार नाही.

"का?"

माझी खुर्ची, माझी मर्जी.

ती गेली. मुंगी जिन्यात होती, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "आजी, गिऱ्हाइकाने म्हटलं खुर्ची कुरकुरते, तर तू आधी उघडून बघतेस. न बघता कुणाला दोष देत नाहीस. तूच शिकवलंस." मी म्हटलं, कुत्र्यासाठी माझ्याशी वाद घालू नकोस. तर म्हणाली, "त्यालापण पाठवून देणार का? सगळ्यांनाच पाठवतेस तू." आणि या वेळी जिन्यावर पाय आपटले. प्रत्येक पायरीवर.

मी कुणालाही पाठवलेलं नाही. तू आपल्या पायांनी गेलीस. हे तिला तू सांग.

कारकून म्हणतात, "बाई, मला साडेपाचला उठवणारा कुत्रा जातोय याचा आनंद व्हायला हवा, पण होत नाही. एक विचारू? खुर्चीत काय आहे?"

म्हटलं, काथ्या. खुर्चीत काथ्याच असतो.

तुझी आई


१० फेब्रुवारी

चि. लेकीस,

अक्षर वेगळं दिसेल. हे पत्र मुंगी लिहिते आहे. कारकून वर आहेत, त्यांना बोलावू नको म्हणाली. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. म्हणजे बोलायची, पण काथ्यामार्फत. "काथ्या, आजीला सांग पाणी तापलंय." "काथ्या, आजीला विचार माझी वही कुठाय." मीही त्यालाच उत्तरं देत होते. तो बिचारा इकडून तिकडे मान वळवून दमला. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तिने वही-पेन माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "आईला पत्र लिहायचंय. तू सांग, मी लिहिते. पण खरं सांग. खोटं सांगितलंस तर मी कंसात लिहीन." अजून माझ्या नावाने काही घातलेलं नाही असं म्हणते, पण मला वाचता येत नाही. तू बघ.

(अजून घातलेलं नाही. — मुंगी)

त्या शनिवारी गिरणीवाला यायच्या आधी, मी बाजारात कापड घ्यायला गेले होते. मुंगीने काथ्याला अंगणातून सोडलं. दाभण आणि पकड घेतली, माझ्या स्टुलावर बसली आणि हिरव्या खुर्चीचे खिळे एकेक करून उपसले. खालच्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे वरचं कापड खराब होत नाही. तेही मीच शिकवलेलं. मी आले तेव्हा गिरणीवाला दारात उभा होता, मुंगी जमिनीवर बसली होती, काथ्याच्या तोंडात मेलेली उंदरीण, आणि मुंगीच्या मांडीत घरटं. निळ्या कागदाचं घरटं. मुंगीच्या नावाने येतात त्या तुझ्या निळ्या पाकिटांचं.

लिही, मुंगी. थांबू नकोस.

तुझं पहिलं पत्र मी तिला दिलं होतं, हे देवाशपथ. ते वाचून ती तीन दिवस जेवली नाही, चौथ्या दिवशी तापाने फणफणली. डॉक्टर म्हणाले मनाला लागलंय. तेव्हा मी ठरवलं, पोरगी जरा रुळेपर्यंत पत्र नको. टपालवाला दुपारी येतो, ती शाळेत असते. निळं पाकीट आलं की मी खुर्चीची बैठक उचकटायची, आत सारायचं, चार खिळे ठोकायचे. एक महिना म्हटलं होतं. मग ती रुळली. हसायला लागली. मग मला वाटलं, आता दिलं तर पुन्हा पडेल. मग वाटलं, आता दिलं तर विचारेल आधी का नाही दिलं. असं करत चौदा झाली. आणि मी रोज दुपारी त्यांच्यावर बसून डुलकी काढत होते.

मला अक्षर येत नाही. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आत "माझ्याकडे ये" असेल. दुसरं काय असणार? आई लेकीला दुसरं काय लिहिते? म्हणून उघडून कुणाकडून वाचून घ्यायची हिंमत झाली नाही, आणि जाळायची पण झाली नाही. पंचेचाळीस वर्षं हा धंदा करते, काथ्यात कागद घातला की उंदीर घरटं करतो, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मी चिटोरंसुद्धा राहू देत नाही. स्वतःच्या खुर्चीत चौदा पत्रं भरली.

पाच पत्रं धड आहेत. तीन अर्धी. बाकीची उंदरिणीने बारीक करून टाकली. मुंगीने तुकडे जुळवायचा प्रयत्न केला, जमिनीवर पसरून, चार दिवस. एका तुकड्यावर "दात पडला का", एकावर "पाऊस", एकावर नुसतं "तुझी". त्या सहा पत्रांत काय होतं ते तुला आठवेल तेवढं पुन्हा लिही. ती म्हणते वाट बघेन.

धड पत्रं तिने मला वाचून दाखवली. मी मागितलं नव्हतं. समोर बसून, एकामागून एक, मोठ्याने वाचली. एकातही "ये" नाही. एकात तू लिहिलंयस, आजी संध्याकाळी पाठ धरते, तिला शेक द्यायला विसरू नकोस. एकात, आजी रागावली की खरं म्हणजे घाबरलेली असते. तिथे मी उठून आत जाणार होते, तर मुंगी म्हणाली, "बस. अजून एक पान आहे."

आता सर्वांत वाईट. ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती, पण मुंगी म्हणाली, तू नाही सांगितलंस तर मी लिहीन, आणि माझ्या शब्दांत लिहीन.

त्या खुर्चीत एक पांढरं पाकीट पण होतं. तुझं पहिलं पत्र आल्यावर मुंगीने तुला उत्तर लिहिलं होतं आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. मी विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणाली, "आई, मला पण घेऊन जा, असं लिहिलंय." मी हो म्हटलं, पाकीट घेतलं, आणि कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलेसुद्धा. पेटीच्या तोंडात हात घातला होता. मग परत आले.

दीड वर्ष तिला वाटत होतं की तिने "घेऊन जा" म्हटलं आणि तू उत्तरच दिलं नाहीस. तुला वाटत होतं की तू लिहितेस आणि ती उत्तर देत नाही. मधे मी बसले होते. खुर्चीत.

ते पाकीट उंदराने खाल्लं नाही. सोबत घातलं आहे. मुंगीने उघडलेलं नाही, तू उघड.

मी रागावलेली आहे. तुझ्यावर अजूनही आहे, त्यात काही बदल नाही. माझ्या बाजूला बसून, हात धरून, "आई, मी मुलीला तुझ्या जिवावर सोडून जातेय, मला भीती वाटते," असं तू म्हणायला हवं होतंस. तू पगाराचा आकडा सांगितलास. आणि मी "मला एकटीला ठेवून जाऊ नकोस" म्हणायला हवं होतं. मी खिळे चावले. पण रागाची यादी केली तर आता पहिलं नाव माझं आहे. मुंगी मान डोलावते आहे. फार जोरात डोलावते आहे.

(आजीने "रागावलेली" च्या आधी "थोडी" म्हटलं होतं. मी ते लिहिलं नाही. — मुंगी)

एप्रिलचं विचारलंस. मी तिला विचारलं. या वेळी खरंच विचारलं, उत्तर आधीच ठरवून नाही. ती म्हणाली, हो. मग काथ्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मला वाटलं आता म्हणेल, काथ्याला पण नेते. तुझ्या क्वार्टरमध्ये कुत्रा चालत नाही असं एका धड पत्रात आहे, त्यामुळे भांडण होणार, अशी मी तयारी करून ठेवली होती.

तर म्हणाली, "काथ्या इथेच राहील. त्याला काम लागतं. आणि तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे."

मी म्हटलं, मी काय उंदीर आहे?

म्हणाली, "मी तुला दर आठवड्याला पत्र लिहीन. कारकूनकाका वाचतील. काथ्या बघेल तू ती कुठे ठेवतेस."

गिरणीवाल्याला मी परत पाठवलं. कारकून घरमालकाकडे गेले होते, तक्रार करायला नव्हे, तर साडेपाचच्या भुंकण्याची त्यांना सवय झाली आहे हे सांगायला. असं न मागता सांगायला कोण जातं? पण गेले. हिरवी खुर्ची उघडीच आहे, बैठक भरलेली नाही, दुपारी मी स्टुलावर बसते. पाठ दुखते. दुखू दे.

मुंगीला सुट्टी एप्रिलच्या पाच तारखेला लागते. तू सहाला ये. सातला नाही, सहाला. मी स्टेशनवर येईन. तोंडात काही नसेल.

आणि एक पार्सल त्याआधी पाठव. वाळवलेले जर्दाळू, अर्धा किलो, मऊ असतात ते, बिया काढलेले, कारण काथ्या बिया गिळतो आणि डॉक्टरीण मला झापते. पार्सलवर माझं नाव घालू नकोस. मुंगीचं घाल, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. दुपारी येऊ नये म्हणून टपालवाल्याला सांगून ठेवलं आहे, तो शाळा सुटल्यावर येईल आणि तिच्याच हातात देईल. त्यातले मला किती द्यायचे, ते ती ठरवेल.

तुझी आई